धुरींच्या नळातली जलेश्वरी

नळाला कुंकू लावलं होतं. नळाच्या मानेत झेंडूची माळ होती, तोटीवर खण पांघरला होता, आणि काल रात्री ज्या सिंकमध्ये सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, कालवणाचं पातेलं घासलं, त्याच सिंकमध्ये आज पाच फळं आणि नारळ मांडले होते. चकाल्याच्या नवप्रभात सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, धुरींच्या स्वयंपाकघरात साक्षात जलेश्वरी माता प्रकट झाली होती.

आता ही जलेश्वरी कोण, हे मागच्या महिन्यापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या पोथीत नाही, कुठल्या गावच्या वेशीवर नाही. पण प्रकट झाली म्हटल्यावर विचारतो कोण? जिन्यापासून खाली सायकली लावतात तिथपर्यंत रांग लागली होती. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या हातात रॉकेलचा धुतलेला कॅन, एक गृहस्थ तर ऑफिसात चहा नेतात तो थर्मास घेऊन आले होते.

"चपला खालीच काढा! पाय धुऊन या, पुसू नका! ओल्या पायांनीच माता भेटते!" मातेचे पुजारी चैतन्यनाथ महाराज वर होते आणि त्यांचा शिष्य खंडू जिन्यात उभा राहून बोंबलत होता. शेजारी बादली, हातात तांब्या. येईल त्याच्या पायांवर तो भसाभस पाणी ओतत होता.

त्या रांगेतून वाट काढत वनमाला परुळेकर वर चढत होती. वनमाला जोगेश्वरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. आवाज खणखणीत, स्वभाव तिखट, आणि आज तर डोक्यात नुसता जाळ. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसात फोन आला होता, ज्युलियाचा. ज्युलिया म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची, सुगंधाची, दाराला दार लागलेली शेजारीण. ती एवढंच म्हणाली होती, "वनमाला, आज तुझ्या बहिणीला दिव्य करायला लावतायत. तू ये. आत्ताच्या आत्ता ये."

"ओ बाई, लाइनीत या ना!"

"दर्शनाला नाही आले. बहिणीला बघायला आलेय. सरका बाजूला."

खंडूनं तिच्या चपलांसकट पायांवर तांब्या उपडा केला. वनमालानं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा तांब्या भरायचं तो विसरला.

वरती ज्युलिया दारातच उभी होती. तिनं वनमालाला हाताला धरून आत ओढलं आणि कडी लावली. "वाट लागलीय गं नुसती," ती म्हणाली. "सकाळपासून त्या नळाच्या भिंतीवर अभिषेकाच्या बादल्या ओततायत. त्यांच्या न्हाणीत गर्दी, म्हणून सुगंधाला माझ्याकडे डोक्यावरून आंघोळ करायला पाठवलंय. अंग पुसायचं नाही म्हणे. ओल्या साडीनं जायचं आणि तो नळ दोन्ही हातांनी धरायचा. आरती संपेस्तोवर सोडायचा नाही."

"आणि सोडला तर?"

"तर पोटातलं मूल धुरींचं नाही."

सुगंधाला सहावा महिना लागला होता.

हे सगळं सुरू झालं ते ओट्यापासून. गणपतीच्या आधी शांताबाई धुरींनी, म्हणजे सुगंधाच्या सासूनं, स्वयंपाकघर नवं करून घेतलं. कडाप्प्याचा ओटा, चकचकीत सिंक. नळाला पाणी दिवसातून थोडाच वेळ यायचं, म्हणून माळ्यावर प्लास्टिकचं मोठं पिंप बसवलं आणि त्यातून सिंकपर्यंत वेगळा लोखंडी पाइप आणला. त्याच धडाक्यात फ्रिज आला. आता फ्रिजला प्लग हवा. जागा भरपूर होती, पण त्या भिंतीवर देव्हारा, आणि शांताबाईंच्या घरात देवाच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही म्हणजे नाही. मग उरली कुठली भिंत? सिंकची. शांताबाईंच्या भाच्यानं, नंदूनं, वायरिंगचं काम शिकता शिकता सोडलं होतं. त्यानं नळापासून वीतभर अंतरावर प्लगचा बोर्ड ठोकून दिला. मामीनं त्याला पोटभर जेवू घातलं, वर शर्टाचं कापड दिलं.

पंधरवड्याच्या आत सुगंधाला झटके बसायला लागले. नळाला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या. सासूला सांगितलं. सासूनं नळ धरून दाखवला. काही नाही! "बघ गो, माका काय होत नाय. तुकाच कसा होता?" नवरा जयवंत, स्वभावानं गरीब, आईच्या शब्दाबाहेर नाही. त्यानं नळाला हात लावून बघितला, एकदा कळवळला, आणि नंतर पिण्याचं पाणी सुद्धा बायकोकडूनच मागून घ्यायला लागला. म्हणून मग शांताबाईंनी आणले चैतन्यनाथ महाराज.

ओल्या साडीत कुडकुडत सुगंधा न्हाणीतून बाहेर आली. ताईला बघून आधी रडली, मग घाबरली. "ताई, तू कशाला आलीस? आता आणखी चिडतील."

"चिडू देत. मेल्यांना काय करायचंय ते करू देत. तू बस इथे. ज्युलिया, टॉवेल दे हिला. सुगंधा, मी विचारते त्याचं नीट उत्तर दे. झटका कधी बसतो?"

"भांडी घासताना. घासून झाली की सगळ्यात जास्त."

"सकाळी उठल्या उठल्या?"

"तेव्हा नाही. तेव्हा ओटा कोरडा असतो ना."

"तू पायात काय घालतेस?"

सुगंधानं ताईकडे वेड्यासारखं बघितलं. "स्वयंपाकघरात? काही नाही. देव आहेत तिथे, चप्पल कशी चालेल? आईंचं तसलं चालतच नाही."

"आणि आईंच्या पायात?"

"त्यांची टाच दुखते. डॉक्टरनं सांगितलंय अनवाणी फिरू नका. त्यांची घरातली रबरी स्लीपर वेगळी आहे, रोज धुतात ती. त्या स्लीपरला देव रागवत नाहीत."

वनमालाच्या ओठाच्या कोपऱ्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. "बरं. आणि तुझे ते महाराज? त्यांना बसतो का?"

"छे! मूठ आवळून धरतात नळ. हां, पहिल्या दिवशी मात्र त्यांच्या अंगात आलं होतं. आईंच्या नियमाप्रमाणे खडावा दारात काढल्या, आत आले, नळाला हात लावला आणि असे उडाले गं, डाळीच्या डब्यांवर जाऊन पडले. मग 'माता आली, माता आली' करून घुमायला लागले. दुसऱ्या दिवसापासून खडावा काढतच नाहीत. म्हणतात, माझे उघडे पाय लागले तर तुमची भूमी जळून जाईल."

"हुशार आहे हरामखोर," वनमाला म्हणाली. ज्युलियानं येशूचं नाव घेतलं, पण हसू तिलाही आवरलं नाही.

सुगंधा मात्र हसली नाही. ती खालमानेनं म्हणाली, "ताई, धरू दे मला एकदाचा. किती दुखेल? दातावर दात दाबून धरीन. महिनाभर रोज ऐकतेय मी, हिच्यात काहीतरी खोट आहे, हिच्या बाळावर छाया आहे. आता मलाच वाटायला लागलंय. नाहीतर आईंना नाही आणि मलाच रोज का बसला असता झटका?"

वनमालानं तिचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. तो विजेचा शॉक आहे. देवी नाही, छाया नाही, शॉक. आज त्यांनी सकाळपासून त्या भिंतीवर बादल्याच्या बादल्या पाणी मारलंय. तू ओल्या अंगानं, अनवाणी, दोन्ही हातांनी नळ धरलास तर हात तुला सोडताच येणार नाही. वीज मूठ आवळते. आरती संपेल आणि तू पण संपशील, बाळ पण संपेल. कळतंय का तुला? तू या दाराबाहेर पाय टाकायचा नाही."

मग ती ज्युलियाकडे वळली. ज्युलियाचा नवरा ह्युबर्ट घरातली दुरुस्ती स्वतःच करायचा. "ह्युबर्टकडे टेस्टर आहे का? आणि त्याच्या रबरी स्लीपर दे मला."

"आहेत ना. पण त्या तुला होडीएवढ्या होतील."

"होऊ देत."

बाहेर जिन्याच्या कोपऱ्यात जयवंत भिंतीला टेकून उभा होता. वनमाला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "जयवंतराव, घरातला मेन स्विच कुठाय?"

"दाराच्या वरती. पण ताई, आईचं मन मोडवत नाही हो मला..."

"आईचं मन मोडवत नाही, आणि बायको मेली तर चालेल? स्टूल घ्या, स्विचखाली उभे राहा. मी म्हणेन तेव्हा बंद, मी म्हणेन तेव्हा चालू. आणि कुणी ओरडलं तर माझी वाट बघू नका, खटकन खाली ओढा. एवढं तरी जमेल ना?"

जयवंत स्टूल आणायला गेला.

स्वयंपाकघरात धूप एवढा की डोळे चुरचुरत होते. फरशीवर घोटाभर नाही, पण चांगलं चपचप पाणी. मधोमध महाराज. भगवी लुंगी, दाढीला तेल, पोट दोन पावलं पुढे, आणि पायांत जाडजूड लाकडी खडावा. एका हातानं नळ धरून ते डोळे मिटून बोलत होते, आणि शेजारी हात जोडून शांताबाई, पायांत निळी रबरी स्लीपर.

"जल म्हणजे जीवन! जीवन म्हणजे चैतन्य! चैतन्य म्हणजे मी! आणि मी म्हणजे जल! माता म्हणते, जेवढं पाप तेवढा झटका. लपवून ठेवाल तर माता बोटातून बाहेर काढील! जिथे विज्ञान थकतं, भक्तहो, तिथून माझी खडाव चालायला लागते!"

"जय जलेश्वरी!" रांग ओरडली. एकेक जण पुढे येत होता, ओल्या पायांनी उभा राहून नळाला बोट लावत होता, 'आई गं' करून मागे उडत होता आणि आपली पापं आठवत बाजूला होत होता. सोसायटीचे सेक्रेटरी माणिकराव सकाळीच तीनदा उडाले होते आणि तेव्हापासून कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

वनमाला उंबऱ्यावर येताच शांताबाई कडाडल्या, "चप्पल काढ गो! देव आसत हय!"

"मावशी, तुमच्या पायात पण आहे."

"माझी टाच दुखता!"

"माझी पण दुखायला लागलीय. शाळेत दिवसभर उभी असते. ह्या धुतलेल्या आहेत, साबण लावून." आणि ह्युबर्टच्या होडीएवढ्या स्लीपरा फटाफट वाजवत ती आत शिरली.

महाराजांनी एक डोळा उघडला. "कोण ही स्त्री?"

"मुलीची मोठी बहीण. मलाही दर्शन घ्यायचंय." तिनं टेस्टर काढला, दांड्याच्या टोकावर बोट ठेवलं आणि पातं नळाला टेकवलं. टेस्टरच्या पोटातला बारका दिवा लालभडक पेटला.

"ज्योत!" मागून एक बाई किंचाळली. "मातेची ज्योत!" पटापट हात जोडले गेले. महाराजही सावरले. "बघा! लोखंडात सुद्धा माता उजळली!"

वनमाला तशीच फ्रिजकडे वळली आणि दाराच्या बिजागरीच्या स्क्रूला पातं टेकवलं. दिवा पुन्हा पेटला.

"काय महाराज? फ्रिजमध्ये पण माता? कोथिंबिरीच्या जुडीशेजारी बसलीय का?"

"माता सर्वत्र आहे!"

"अस्सं? मग देव्हाऱ्यात असेलच." तिनं देव्हाऱ्यातल्या पितळी घंटेला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. "अरेच्चा! देव्हाऱ्यात नाही, आणि फ्रिजमध्ये आहे? कसली हो तुमची माता?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. शांताबाईंचा चेहरा उतरला. वनमालानं पदरानं हात कोरडा केला आणि बोटाची मागची बाजू नळाला लावली. मग आणखी थोडा वेळ लावून ठेवली. काही झालं नाही.

"निष्पाप! निष्पाप आहे!" गर्दीत कुजबूज झाली.

"मी? निष्पाप?" वनमाला म्हणाली. "आत्ता खाली तुमच्या खंडूला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्यात, त्या मोठ्यानं सांगू का? माझी पापं जिथल्या तिथे आहेत. फक्त पायात रबर आहे."

पुढचं तिच्याही ध्यानीमनी नव्हतं. माणिकराव सेक्रेटरी सकाळपासून अपमानानं जळत होते. ते पुढे घुसले, "बाई, मला पण स्लीपरा घालून बघू द्या!" वनमाला "अहो थांबा, हात ओला आहे तुमचा" म्हणेपर्यंत त्यांनी धोतरानं हात पुसला, दाराशी धुऊन वाळत ठेवलेल्या शांताबाईंच्या जादाच्या स्लीपरा पायात सरकवल्या आणि नळाला बोट लावलं. डोळे घट्ट मिटून उडायची वाट बघत राहिले. उडालेच नाहीत. मग एक डोळा उघडला.

"च्यायला!" माणिकराव म्हणाले. "म्हणजे मी सकाळपासून बायकोसमोर उगाच कबुली देत बसलो?"

आता मात्र हसण्याचा गडगडाट झाला. महाराजांनी चिमटा आपटला. "अपमान! मातेचा अपमान! पादत्राण घालून स्पर्श! कोप होईल! त्या मुलीला आणा, दिव्य करा, नाहीतर हे घर बुडालं म्हणून समजा!"

"जयवंतराव, बंद!" वनमाला ओरडली.

खटकन आवाज झाला. दिवा गेला, पंखा मंदावत थांबला, फ्रिजची घरघर बंद पडली. वनमालानं टेस्टर नळाला लावला. अंधार. मग तिनं स्लीपरा काढल्या, त्या चपचप पाण्यात अनवाणी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी नळ गच्च धरला.

"आता म्हणा आरती. अख्खी म्हणा. मी सोडत नाही."

कुणी आरती म्हणेना. महाराज घसा साफ करून म्हणाले, "माता रुसली. माता निघून गेली."

वनमालानं हात काढले, स्लीपरा पुन्हा पायात घातल्या. "जयवंतराव, चालू!" पंखा फिरायला लागला, टेस्टर पुन्हा लाल झाला. "ही बघा आली परत. स्विच खाली की माहेरी, स्विच वर की सासरी! महाराज, आता एकच करा. त्या खडावा काढा. ह्या पाण्यात उघड्या पायांनी उभे राहा आणि नळाला नुसतं एक बोट लावा. माझ्या बहिणीला तुम्ही दोन्ही हातांनी आरतीभर धरायला सांगत होतात. मी एकच बोट सांगतेय."

महाराजांच्या कपाळावर घाम फुटला. "माझी तपश्चर्या भंग होईल."

"तुमची तपश्चर्या लाकडाच्या दोन फळ्यांवर उभी आहे. पहिल्या दिवशी फळ्या नव्हत्या, तेव्हा डाळीच्या डब्यांवर जाऊन पडला होतात. त्याच दिवशी तुम्हाला कळलं हा शॉक आहे. कळलं की नाही? बोला!"

महाराज खडावांसकट एक पाऊल मागे सरकले. उत्तर आलं ते शांताबाईंकडून. महिनाभर त्या अख्ख्या चकाल्यात निर्मळ बाई म्हणून मिरवल्या होत्या. लोक त्यांच्या पाया पडले होते. आणि आज ही मास्तरीण सांगत होती की ते सगळं पुण्य एका निळ्या स्लीपरचं! त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"पुरे तुझा शहाणपण!" त्या ओरडल्या. "माझ्यावर माता प्रसन्न आसा! रबरावर नाय, माझ्यावर!"

आणि स्लीपरा भिरकावून त्यांनी नळावर हात मारला.

"मावशी, नको!"

शांताबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही, नुसता एक घोगरा आवाज आला. हात नळाला चिकटला, अंग ताठ झालं, डोळे पांढरे. वनमालानं त्यांना हात लावला नाही. "बंद! बंद कर जयवंत!" ती किंचाळली. पण त्याआधीच जयवंतनं स्विच खाली ओढला होता. शांताबाई भिंतीला घासत खाली आल्या आणि ओल्या फरशीवर बसून राहिल्या. श्वास चालू होता. हात थरथरत होता. जयवंत धावत आला आणि "आई, आई" करत त्यांना कवटाळून लहान पोरासारखा रडायला लागला.

मग शांताबाई हळूच म्हणाल्या, "सुगंधा खय आसा?"

ओरडा ऐकून सुगंधा कडी काढून धावत आलीच होती. ओल्या साडीवर ज्युलियाचा टॉवेल. शांताबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे बघितलं.

"तुका रोज असाच होय?"

"एवढा जोरात नाही. पण रोज, आई. तुम्हाला रोज सांगत होते. तुम्ही म्हणायचात, माझं पाप आहे."

"आणि मी तुका दोन्ही हातांनी धरूक लावत होतंय," शांताबाई म्हणाल्या. "ह्या दिवसांत. ओल्या अंगान." आणि त्यांनी तोंड पदरात लपवलं. सुगंधा खाली बसली. तिनं सासूला जवळ घेतलं नाही, पण तिचा थरथरता हात आपल्या हातात धरून चोळत राहिली.

महाराज ह्या गडबडीत दाराकडे सरकत होते. वनमालानं वाट अडवली. "उत्तर देऊन जा. तुम्हाला ठाऊक होतं. तरीही पोटुशी पोर तुम्ही त्या नळाला बांधणार होतात?"

"बांधणार कुठे, बाई," महाराजांचा आवाज आता साधा झाला होता, चैतन्य वगैरे सगळं त्यातून गळून पडलं होतं. "दोन ओळीत आरती आवरती घेणार होतो. तिनं हात सोडला असता, की झालं. मरू थोडंच दिलं असतं?"

हे ऐकून गर्दीतून जो आवाज उठला, तो जयजयकाराचा नव्हता. माणिकरावांनीच महाराजांची दाढी धरली. दोघातिघांनी हात उचलले, तेव्हा वनमालाच मधे पडली. "मारू नका. चौकीत न्या. हा जे आत्ता बोलला ते सगळं तिथे सांगा. आणि तुम्ही पण जरा लाज बाळगा. महिनाभर त्याच्या पाया तुम्हीच पडत होतात." महाराज आणि खंडू जिन्यावरून खाली गेले, पुढे माणिकराव, मागे अर्धी रांग.

मेन बंदच होता. टेस्टरनं पुन्हा पुन्हा खात्री करून वनमालानं प्लगच्या बोर्डाचं झाकण खोललं. आतून पाणी ठिबकलं. काळाकुट्ट ओला मळ, त्यावर हिरवट गंज.

"या, सगळे बघा," ती म्हणाली. वर्गात बोलते तसाच तिचा आवाज लागला, फक्त जास्त रागीट. "भांडी घासताना उडालेलं पाणी इथे शिरतं. पाणी आणि मळ ह्यांच्यातून वीज ह्या तिसऱ्या वायरीवर येते. ही तिसरी वायर अर्थिंगची. ती जमिनीत जायला हवी, म्हणजे चोरटी वीज जमिनीत निघून जाते. आपल्याकडचे शहाणे ती नळाच्या पाइपला बांधतात. जुना पाइप जमिनीतून येतो, तेव्हा कसंबसं निभावतं. पण हा पाइप कुठे जातो? माळ्यावर. प्लास्टिकच्या पिंपात. जमिनीला लागतच नाही. मग ती वीज बिचारी नळात येऊन बसते आणि वाट बघते, कुणीतरी अनवाणी, ओल्या पायांनी येईल आणि मला जमिनीपर्यंत पोचवील. ते कुणीतरी म्हणजे तुमची सून. घरात सगळ्यात जास्त भांडी कोण घासतं? तिला सगळ्यात जास्त झटका! ह्याला तुम्ही पाप म्हणता?"

जयवंत खाली बघत होता.

"सिंकपासून लांब, ओट्यापासून चांगला वर, पाणी आणि शेगडी जिथे पोचत नाही तिथे प्लग असावा. अर्थिंग जमिनीत असावं. आणि हे काम शिकलेल्या वायरमननं करावं, जेवायला येणाऱ्या भाच्यानं नव्हे. एवढं केलं असतं तर जलेश्वरी जन्मालाच आली नसती."

जिन्यात अजून लोक उभे होते. वर काय झालं त्यांना अर्धवटच कळलं होतं. थर्मासवाले गृहस्थ मान लांब करून विचारत होते, "अहो, तीर्थ मिळणार ना? आमच्या घरचा नळ पण दोन दिवस झिणझिणतोय. आमच्याकडे पण माता आली असेल का?"

वनमाला तोंड उघडणार, तेवढ्यात सुगंधा उठली. टॉवेल खांद्यावर घट्ट ओढून ती दारात जाऊन उभी राहिली. महिनाभर ह्याच लोकांनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं होतं. ती त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "काका, घरी नळाला कोण हात लावतं जास्त?"

"आमची धाकटी मुलगी. का?"

"मग इथे उभे राहू नका. पळत घरी जा. आधी मेन स्विच बंद करा, मग वायरमनला बोलवा, आणि तोवर पोरीला नळाजवळ जाऊ देऊ नका. ती कळवळली तर तिचं काय चुकलं ते शोधत बसू नका. माझ्या घरचे तेच करत बसले होते. नळ झिणझिणला तर हात जोडायचे नसतात हो, काका. हात मागे घ्यायचा असतो."

गृहस्थांनी थर्मास तिथेच पायरीवर ठेवला आणि ते जिना उतरून धावत सुटले.